नाव एकच, चित्रपट वेगळे : कलाकारांची सरमिसळ कशी सोडवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आम्ही काही मित्र मिळून चित्रपटांची कलाकारांसह सूची करतो आहोत. 'दीवार'च्या नोंदीत शशी कपूर, नीतू सिंग यांच्या शेजारी संजय दत्त आणि अक्षय खन्ना आले. अमिताभ बच्चन तर दोन्हीकडे आहेत. मग हा एकच चित्रपट पुन्हा बनवला का? नाव सारखं पण संबंध काहीच नाही, असे चित्रपट ओळखायचे कसे आणि कलाकार आपापल्या जागी बसवायचे कसे?"

आधी 'दीवार'चं सांगतो. ते दोन स्वतंत्र चित्रपट आहेत. १९७५चा यश चोप्रांचा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला. गोदीत हमाली करणारा विजय आणि पोलिसात गेलेला रवी या दोन भावांची गोष्ट. अमिताभ, शशी कपूर, निरूपा रॉय, परवीन बाबी आणि नीतू सिंग ही त्यातली माणसं. २००४चा मिलन लुथ्रिया यांचा. त्यात अमिताभ पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकलेले युद्धकैदी, मेजर रणवीर कौल आहेत, अक्षय खन्ना त्यांना सोडवायला निघालेला मुलगा, सोबत संजय दत्त आणि अमृता राव. एका चित्रपटातली भिंत दोन भावांच्या मधली, दुसऱ्यातली तुरुंगाची. कथा, लेखक, दिग्दर्शक सगळं वेगळं. जोडणारा धागा एकच, अमिताभ. आणि नेमका तोच धागा तुम्हाला फसवून गेला.

मी पंचवीस-तीस वर्षं चित्रपटांच्या नोंदी करतो आहे. कार्डांच्या खणांपासून संगणकापर्यंत. सारख्या नावांचा घोळ बहुतेकांना वाटतो तसा वेगळ्या कलाकारांमुळे होत नाही. वेगळे कलाकार असले की डोळ्यांना लगेच खटकतं. घोळ होतो तो एखादा कलाकार दोन्हीकडे असतो तेव्हा. बॉबी देओलचंच पाहा. १९९५चा राजकुमार संतोषींचा 'बरसात' त्याचा नायक म्हणून पहिला, ट्विंकल खन्नाबरोबर. २००५चा सुनील दर्शन यांचा 'बरसात'ही त्याचाच, पण तिथे प्रियांका चोप्रा आणि बिपाशा बासू. दहा वर्षांचं अंतर, नायक एक, नाव एक आणि गोष्टी पूर्ण निराळ्या. या दोघांच्या आधी राज कपूर आणि नर्गिसचा १९४९चा 'बरसात' आहेच. "बॉबी देओलचा बरसात" एवढंच कुणी लिहिलं, तर मला त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी या कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. सुरुवातीच्या वर्षांत एका संग्रहाच्या सूचीतल्या दुबार नोंदी काढून टाकायचं काम माझ्याकडे होतं. 'शहीद' नावाची दोन कार्डं समोर आली. दोन्हींवर कामिनी कौशल, दोन्हींचा विषय स्वातंत्र्यलढा. एका कार्डावर साल नव्हतं. मी ती एकच नोंद धरली आणि कमी माहिती असलेलं कार्ड रद्द केलं.

ती दोन कार्डं दोन चित्रपटांची होती. १९४८चा 'शहीद' रमेश सैगल यांचा. दिलीपकुमार आणि कामिनी कौशल ही नायक-नायिका, सोबत चंद्रमोहन आणि लीला चिटणीस. बेचाळीसच्या चळवळीच्या पार्श्वभूमीवरची काल्पनिक कथा, गुलाम हैदर यांचं संगीत, 'वतन की राह में' हे गाणं. १९६५चा 'शहीद' एस. राम शर्मा यांचा, भगतसिंगांच्या जीवनावरचा. मनोजकुमार भगतसिंग, प्रेम चोप्रा सुखदेव आणि अनंत मराठे राजगुरू. संगीत प्रेम धवन यांचं. आणि कामिनी कौशल? त्या तिथे भगतसिंगांच्या आई आहेत. सतरा वर्षांत त्याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटात ती नायिका आता आई झाली होती.

मी रद्द केलेलं कार्ड १९६५चं होतं. म्हणजे काही महिने त्या सूचीत राजगुरूंची भूमिका करणारे अनंत मराठे नव्हतेच. दिलीपकुमारांचं नाव कुठूनही सापडलं असतं, मनोजकुमारांचंही. पण ज्यांची नावं श्रेयनामावलीत चौथी, पाचवी, अकरावी येतात, त्यांचं अशा नोंदींबाहेर फारसं काही उरत नाही. ते एक कार्ड फाटलं की तो माणूस त्या चित्रपटातून पुसला जातो. हे कळलं त्या दिवसापासून दुबार वाटणारी कुठलीही नोंद मी दोन साक्षी मिळाल्याशिवाय काढलेली नाही.

आता ओळखायचं कसं ते पाहू. नाव सारखं दिसलं की आधी विचारायचं : या दोघांचं मूळ एक आहे का? मूळ एक म्हणजे एकच कादंबरी, एकच पटकथा किंवा एकच मालिका. 'देवदास' कितीही वेळा आला, बरुआंचा, बिमल रॉय यांचा, भन्साळींचा, तरी सगळे शरच्चंद्रांच्या कादंबरीकडे जातात. 'डॉन' १९७८ आणि २००६, दुसरा पहिल्याचा रिमेक. हे नात्यातले चित्रपट. त्यांची नोंद वेगळी करायची, पण एकीकडून दुसरीकडे निर्देश द्यायचा. 'दीवार', 'शहीद', 'बरसात' हे नुसते नावबंधू आहेत. तिथेही निर्देश द्यावा, पण 'संबंध नाही' असं स्पष्ट लिहून. कोरी जागा सोडली की पुढचा माणूस तिथे आपल्या मनानं संबंध भरतो.

मूळ शोधायचं तर श्रेयनामावलीतली 'कथा' ही ओळ पाहायची. निर्माता पाहून नातं ठरवू नका. 'दोस्ताना' १९८० आणि 'दोस्ताना' २००८ हे दोन्ही धर्मा प्रॉडक्शन्सचे. पहिला यश जोहर यांची निर्मिती, दुसरा त्यांच्या मुलाच्या काळातला. एवढं पाहून कुणीही म्हणेल की रिमेक असणार. प्रत्यक्षात राज खोसलांच्या 'दोस्ताना'त अमिताभ, शत्रुघ्न सिन्हा आणि झीनत अमान यांची पोलीस-वकील मैत्रीची कथा आहे. तरुण मनसुखानींच्या 'दोस्ताना'त अभिषेक बच्चन, जॉन अब्राहम आणि प्रियांका, आणि कथा भाड्याच्या घरासाठी केलेल्या बतावणीची. 'हेरा फेरी'चंही तसंच. प्रकाश मेहरांचा १९७६चा अमिताभ-विनोद खन्ना यांचा. प्रियदर्शनचा २०००चा अक्षयकुमार, सुनील शेट्टी, परेश रावल यांचा. दुसऱ्याला मूळ आहे, पण ते १९८९च्या 'रामजीराव स्पीकिंग' या मल्याळम चित्रपटात. म्हणजे नाव एका घराण्याचं आणि रक्त दुसऱ्याचं.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत गुंतागुंतीचं प्रकरण 'अंदाज'चं आहे. त्याच्यावर जरा थांबतो, कारण ज्याला हा एक गुंता नीट सोडवता आला त्याला बाकीचे जड जात नाहीत. १९४९चा मेहबूब खान यांचा : दिलीपकुमार, राज कपूर, नर्गिस. दिलीप आणि राज एकत्र असलेला हा एकमेव चित्रपट. १९७१चा रमेश सिप्पींचा, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला : शम्मी कपूर, हेमामालिनी, सिमी गरेवाल आणि थोड्या वेळासाठी येऊन 'ज़िंदगी एक सफ़र है सुहाना' गाऊन जाणारा राजेश खन्ना. १९९४चा डेव्हिड धवन यांचा : अनिल कपूर, जुही चावला, करिश्मा कपूर. २००३चा राज कंवर यांचा : अक्षयकुमार, लारा दत्ता, प्रियांका चोप्रा. चार चित्रपट, चार पिढ्या. इथवर सोपं आहे.

पण १९९४मध्येच 'अंदाज अपना अपना'ही आला. संतोषींचा, आमिर आणि सलमानचा. त्यात रवीना टंडनबरोबर करिश्मा कपूर आहे, आणि सुरुवातीला जुही चावला स्वतःच्याच रूपात क्षणभर दिसते. म्हणजे साल तेच, नावाचा पहिला शब्द तोच, आणि दोन अभिनेत्री दोन्हीकडे. जुन्या संगणकी यंत्रणांत नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा असायची आणि लांब नावं मधेच तुटायची. 'अंदाज अ...' असं काहीतरी उरायचं. मग करिश्मा, जुही, १९९४ एवढं जुळलं की दोन्ही याद्या एकात मिसळून जायच्या. अशा वेळी दिग्दर्शक सोडवतो. डेव्हिड धवन आणि राजकुमार संतोषी यांची गल्लत होत नाही. म्हणून माझ्या नोंदीत नावाच्या पाठोपाठ साल आणि दिग्दर्शक ही दोन्ही असतातच : 'अंदाज (१९७१, रमेश सिप्पी)'. एवढं लिहायला चार सेकंद जास्त लागतात, ते जरूर घालवावेत.

लांब नावाचं लाडकं रूपही असाच घोटाळा करतं. बोलताना 'दिलवाले' म्हटलं की काहींना १९९४चा अजय देवगण, रवीना, सुनील शेट्टीचा आठवतो, काहींना १९९५चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', आणि नव्या मुलांना रोहित शेट्टींचा २०१५चा. शेवटच्या दोघांत शाहरुख आणि काजोल दोन्हीकडे आहेत. चर्चेत छोटं नाव चालेल. सूचीत पूर्ण नावच हवं.

सालाबद्दल सावध राहा. लोक सालाला अंतिम पुरावा मानतात, पण एकाच चित्रपटाची तीन सालं असू शकतात. 'क्रॅश' घ्या. पॉल हॅगिस यांचा 'क्रॅश' २००४मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, चित्रपटगृहांत २००५मध्ये आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला २००६च्या समारंभात मिळालं. सँड्रा बुलक, डॉन चीडल, मॅट डिलन हे त्यातले कलाकार. डेव्हिड क्रोननबर्गचा १९९६चा 'क्रॅश' हा जे. जी. बॅलार्डच्या कादंबरीवरचा, जेम्स स्पेडर आणि हॉली हंटर यांचा, फार अस्वस्थ करणारा चित्रपट. त्याला कानच्या महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं होतं. या दोघांची पारितोषिकं एकमेकांच्या नावावर चढलेली मी पाहिली आहेत. आपल्याकडे श्याम बेनेगलांचा 'जुनून' काही याद्यांत १९७८चा आहे, काहींत १९७९चा. महेश भट्ट यांचा राहुल रॉय आणि पूजा भट्ट यांचा 'जुनून' १९९२चा असल्यामुळे गल्लत होत नाही, एवढंच. म्हणून साल लिहिताना ते कशाचं आहे हे ठरवून घ्या : सेन्सॉर प्रमाणपत्राचं की प्रदर्शनाचं. मी प्रदर्शनाचं धरतो आणि दुसरं वेगळं असेल तर टिपेत लिहितो.

सालही तेच आणि नावही तेच, असं झालं तर? १९८६मध्ये 'विक्रम' नावाचे दोन चित्रपट आले. एक तमिळ, कमल हासन, सत्यराज आणि डिंपल कपाडिया यांचा गुप्तहेरपट. दुसरा तेलुगू, नागार्जुनचा नायक म्हणून पहिला, शोभनाबरोबर, जो हिंदी 'हीरो'वरून केलेला होता. इथे भाषेचा रकाना नसेल तर सूची कोसळलीच. पुढे २०२२मध्ये लोकेश कनगराज यांनी कमल हासन, विजय सेतुपती आणि फहाद फासिल यांना घेऊन तमिळ 'विक्रम' केला, आणि तो मात्र १९८६च्या तमिळ 'विक्रम'मधल्या व्यक्तिरेखेशी जोडलेला आहे. 'दीवार'मध्ये नट तोच असून नातं नाही, 'विक्रम'मध्ये नट तोच आहे आणि नातंही आहे. तेव्हा नट समान आहे यावरून होकार किंवा नकार, काहीच ठरवू नका. नुसतं एवढं समजा की आता आणखी शोधायचं आहे.

आता लिपीचा प्रश्न. तुम्ही सूची देवनागरीत करता आहात हे उत्तम, कारण रोमन लिपीत नावांची फार ओढाताण होते. 'अंदाज'मध्ये एक 'ए' की दोन, 'किस्मत'मध्ये 'ई' की 'ए', हे प्रत्येक पोस्टरवर निराळं. तरी देवनागरीतही खाचा आहेत. 'किला' आणि 'किल्ला' पाहा. 'किला' हा १९९८चा उमेश मेहरांचा हिंदी चित्रपट, दिलीपकुमारांचा शेवटचा, त्यात त्यांची दुहेरी भूमिका आणि सोबत रेखा. 'किल्ला' हा अविनाश अरुण यांचा मराठी, कोकणातल्या एका मुलाचा आणि त्याच्या आईचा, अर्चित देवधर आणि अमृता सुभाष यांचा. मधल्या एका जोडाक्षरानं हे दोघे वेगळे आहेत आणि रोमन लिपीत घाईनं टंकलं की तेही जातं. 'बाज़ी' हा १९५१चा गुरुदत्तांचा, दिग्दर्शक म्हणून पहिला, देव आनंद आणि गीता बाली यांचा. १९९५चा आशुतोष गोवारीकरांचा 'बाज़ी' आमिर खानचा. आणि २०१५चा मराठी 'बाजी' निखिल महाजन यांचा, श्रेयस तळपदे आणि अमृता खानविलकर यांचा, ज्यात 'बाजी' हे माणसाचं नाव आहे! मराठीत आपण नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, देत नाही, त्यामुळे तिन्ही कागदावर एकसारखे दिसतात आणि अर्थ मात्र दोन.

'खामोश' आणि 'खामोशी' यांच्यातही एका मात्रेचाच फरक. असित सेन यांचा 'खामोशी' वहिदा रहमान आणि राजेश खन्ना यांचा. भन्साळींचा १९९६चा 'खामोशी : द म्युझिकल' नाना पाटेकर, सीमा विश्वास, मनीषा कोईराला आणि सलमान यांचा. आणि विधू विनोद चोप्रांचा १९८५चा 'खामोश' हा चित्रीकरणाच्या ठिकाणी घडणाऱ्या खुनाचा रहस्यपट, नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी आणि अमोल पालेकर यांचा. त्यात शबाना आझमी आणि अमोल पालेकर स्वतःच्याच नावानं वावरतात. भूमिकेच्या रकान्यात 'शबाना आझमी' लिहिलेलं पाहून कुणी तरी ते चुकीचं समजून खोडेल, म्हणून तिथे टीप ठेवा.

इंग्रजी नावं देवनागरीत लिहिताना नवे नावबंधू जन्माला येतात, हेही ध्यानात ठेवा. मायकेल मानचा अल पचिनो आणि रॉबर्ट डी नीरो यांचा 'हीट', आणि राजकुमार रावचा २०२२चा 'हिट'. मूळ भाषेत त्यांचं एकमेकांशी नाव जुळतही नाही. आपल्याकडे ते ऱ्हस्व-दीर्घाच्या एका वेलांटीवर तोललेले आहेत. म्हणून परभाषेतल्या चित्रपटाच्या नोंदीत दिग्दर्शकाचं नाव कधीच वगळू नका.

भाषा वेगळी असली की गल्लत होणार नाही, हा समजही मला खरा वाटत नाही. 'टॅक्सी ड्रायव्हर' म्हटलं की जगभर मार्टिन स्कॉर्सेसीचा १९७६चा, डी नीरो आणि जोडी फोस्टरचा चित्रपट पुढे येतो. पण चेतन आनंद यांचा देव आनंद आणि कल्पना कार्तिक यांचा 'टॅक्सी ड्रायव्हर' १९५४चा आहे, म्हणजे बावीस वर्षं आधीचा. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, निळू फुले, श्रीराम लागू आणि अरुण सरनाईक यांचा. १९८६चा हिंदी 'सिंहासन' जितेंद्र आणि जयाप्रदा यांचा राजेशाही पोशाखपट. 'वजीर' मराठीत १९९४चा, विक्रम गोखले आणि अश्विनी भावे यांचा, ज्यातलं 'सांज ये गोकुळी' आपल्या ओठांवर आहे, आणि हिंदीत २०१६चा, अमिताभ आणि फरहान अख्तरचा. गाणं ही फार चांगली साक्ष असते. कुणी चित्रपट आठवतो म्हणालं आणि कलाकार सांगता येईनात, तर मी आधी गाणं विचारतो. माणूस नट विसरतो, पण चाल विसरत नाही.

आता कलाकारांकडे येतो. कारण चित्रपट वेगळे केले तरी माणसांची नावंही सारखी असतात. मराठीत दोन सोनाली कुलकर्णी आहेत. 'मुक्ता' आणि 'दोघी'मधल्या एक, 'नटरंग'मधली 'अप्सरा आली' वाली दुसरी. दोघींच्या कामाची यादी एकत्र झाली की दोघींवरही अन्याय. वर ज्यांचा 'खामोशी' सांगितला ते दिग्दर्शक असित सेन वेगळे आणि संथ लयीत बोलून हसवणारे नट असित सेन वेगळे. हे दुसरे १९६५च्या 'शहीद'मध्ये आहेत. नट नझीर हुसेन आणि दिग्दर्शक नासिर हुसेन यांची गल्लत तर छापील पुस्तकांतसुद्धा आढळते. 'राजकुमार' हा शब्द शोधलात तर हिंदीतले एक मोठे नट, कन्नडमधले एक थोर नट, शम्मी कपूर-साधनाचा १९६४चा चित्रपट आणि अनिल कपूर-माधुरीचा १९९६चा चित्रपट एकत्र येऊन उभे राहतात. म्हणून प्रत्येक कलाकाराला तुमच्या सूचीत स्वतंत्र क्रमांक द्या. नावावरून जोडणी करू नका, क्रमांकावरून करा. आयएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यात प्रत्येक चित्रपटाला आणि प्रत्येक व्यक्तीला असा क्रमांक असतो, आणि एकाच साली एकाच नावाचे दोन चित्रपट असले तर त्यांच्यापुढे रोमन आकडे लावून वेगळं करतात. दृक्‌श्राव्य कृतींसाठी आयसान नावाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकही आहे, पण जुन्या चित्रपटांना तो क्वचितच मिळालेला असतो. तुमचा स्वतःचा साधा अनुक्रमांकही पुरेल.

एकच नाव पुन्हा पुन्हा देऊ कसं देतात, हेही तुमच्या मनात आलं असेल. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. भारतात सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये 'देसी बॉइज' या शीर्षकाच्या वादात हेच स्पष्ट केलं. त्याआधी २००७मध्ये 'निःशब्द' नावाच्या बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांनी अमिताभ आणि जिया खान यांच्या 'निःशब्द'ला रोखावं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती, ती मान्य झाली नाही. निर्मात्यांच्या संघटना शीर्षकं नोंदवून घेतात, पण ती आपसातली शिस्त आहे. अमेरिकेतही निर्मात्यांचं शीर्षक नोंदणी कार्यालय आहे. २०१३मध्ये फॉरेस्ट व्हिटेकर आणि ओप्रा विन्फ्री यांच्या 'द बटलर'ला १९१६च्या एका मूक लघुपटाच्या नावामुळे तिथे अडवलं गेलं आणि शेवटी 'ली डॅनियल्स द बटलर' असं दिग्दर्शकाचं नाव जोडून तो आला. ब्रिटनमध्ये 'द ॲव्हेंजर्स' ही साठच्या दशकातली लाडकी दूरचित्रवाणी मालिका, तिच्यावर १९९८मध्ये रेफ फाइन्स आणि उमा थर्मन यांचा चित्रपटही झाला होता. म्हणून २०१२चा मार्व्हलचा 'ॲव्हेंजर्स' तिथे 'ॲव्हेंजर्स असेंबल' या नावानं लागला. तेव्हा एकच चित्रपट दोन देशांत दोन नावांनीही सापडू शकतो. पर्यायी नावाचा रकाना ठेवा.

मला मनापासून लागतं ते वेगळंच. मोठा चित्रपट आला की त्याच नावाचा लहान चित्रपट शोधात दिसेनासा होतो. आज 'फ्रोझन' म्हणा, २०१३चा डिस्नेचा बर्फाच्या राणीचा चित्रपट समोर येतो. त्याच्या तीनच वर्षं आधी ॲडम ग्रीनचा 'फ्रोझन' होता, बर्फाच्या डोंगरावर रोपवेच्या पाळण्यात अडकलेल्या तिघांचा भयपट. आणि २००७मध्ये शिवाजी चंद्रभूषण यांनी 'फ्रोझन' केला होता, लडाखमधला, कृष्णधवल, डॅनी डेंझोंग्पा यांचा. शंकर रामन यांच्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला तो चित्रपट आहे. डॅनी म्हटलं की लोकांना खलनायकच आठवतात. ज्याला त्यांचं वेगळं काम पाहायचं आहे, त्याला हा चित्रपट सापडायला हवा, आणि नावामुळे तो सापडत नाही. पॉल न्यूमन, सुसान सरँडन, जीन हॅकमन अशी तिघं मातब्बर असलेला १९९८चा 'ट्वायलाइट' असाच २००८च्या 'ट्वायलाइट'खाली दबला. तुमच्या सूचीचं खरं काम मला इथे दिसतं. मोठ्याची माहिती सगळीकडे आहे, लहानाची नोंद मात्र आधी आणि पूर्ण करा.

पुरावा कुठून घ्यायचा? सर्वांत आधी प्रत्यक्ष चित्रपट. सुरुवातीला येणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर नाव, भाषा, लांबी, निर्माता आणि तारीख असते. मग श्रेयनामावली, तिच्या क्रमासह. चित्रपट मिळत नसेल तर चित्रपटगृहात पूर्वी मिळायच्या त्या गाण्यांच्या पुस्तिका. त्यांत कलाकार, कथासार आणि गाणी एकत्र असतात, म्हणून त्यांच्याइतकी चांगली साक्ष क्वचितच मिळते. पोस्टरवर एकट्यानं विसंबू नका, त्यावर नायकाचा चेहरा मोठा आणि साल बहुधा नसतं. जिथे चित्रपटच अर्धा हरवला आहे तिथे तर फारच जपून. दादासाहेब फाळके यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत असं म्हणतात, पण फाळक्यांनीच १९१७मध्ये 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' केला होता, आणि उरलेली रिळं त्याची आहेत असं काही इतिहासकारांचं मत आहे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पानावर जर ही शंका असेल, तर आपण आपल्या नोंदीत 'बहुधा' हा शब्द लिहायला लाजू नये.

तुमच्या 'दीवार'ला आता असं करा. दोन नोंदी उघडा, साल आणि दिग्दर्शक लावा, प्रत्येकीत 'याच नावाचा दुसरा चित्रपट, कथेचा संबंध नाही' ही ओळ टाका. कलाकार भरताना एका यादीवरून दुसरीत नक्कल करू नका. दोन्ही चित्रपट स्वतंत्र लावून, श्रेयनामावली पाहूनच लिहा. एखादी लहान भूमिका कुणी केली हे कळलं नाही तर जागा रिकामी ठेवा, अंदाजानं नाव बसवू नका. आणि हे झालं की उलट बाजूनं एकदा तपासा : अमिताभ बच्चन यांच्या नावासमोर दोन 'दीवार', बॉबी देओलसमोर दोन 'बरसात', कामिनी कौशल यांच्यासमोर दोन 'शहीद', एकात नायिका आणि एकात आई. आणि अनंत मराठे यांच्यासमोर १९६५चा 'शहीद', भूमिका राजगुरू, हे आहे ना ते पाहा.